३२-बिट लिनक्सवर सॉकेटचे टाइमआउट आणि टाइमस्टॅम्प ६४-बिट वेळेवर आणताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

सेकंद मोजणारा ३२-बिट आकडा जानेवारी २०३८ मध्ये संपतो, म्हणून वेळ ६४-बिट करावी लागते. ३२-बिट उपकरणावर चालणारा नेटवर्क प्रोग्राम अशा ६४-बिट वेळेवर आणायचा म्हटले, की बहुतेक जण बिल्डमध्ये एक व्याख्या वाढवतात, सगळे पुन्हा कंपाइल करतात, प्रोग्राम सुरू झाला एवढे पाहतात आणि काम झाले असे धरून चालतात. फाइलींच्या आणि घड्याळाच्या फंक्शनांपुरते हे बऱ्याच अंशी चालून जाते, कारण तिथे कंपायलरला प्रत्येक रचनेचा प्रकार दिसत असतो. सॉकेटच्या फंक्शनांत मात्र आपण देतो तो नुसता व्हॉइड पॉइंटर असतो, त्यामागे आठ बाइट आहेत की सोळा हे कंपायलरला कळण्याचा मार्ग नसतो, आणि चूक झाली तर तो एक चकार शब्द काढत नाही.

या कामात तीन गोष्टी एकत्र बदलाव्या लागतात: वेळेच्या रचनेचा आकार, सॉकेट ऑप्शनचा क्रमांक आणि कंट्रोल बफरमधली (पाकिटासोबत येणारी जादा माहिती जिथे उतरते तिथली) जागा. माझ्या पाहण्यात आलेल्या जवळजवळ सगळ्या चुका या तिघांपैकी दोन बदलल्या आणि तिसरी राहिली अशाच स्वरूपाच्या होत्या.

लेखात फंक्शनांची, ऑप्शनांची आणि त्रुटींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच हेडरमध्ये असतात तशीच टाइप करावीत.

## तयारी: कोडला हात लावण्याआधी चार उत्तरे लिहून काढावीत

पहिले, प्रोग्राम खरोखर ३२-बिट आहे का? यासाठी कर्नलची माहिती देणाऱ्या ‘यूनेम’ या आज्ञेच्या उत्तरावर विसंबू नये. कर्नल ६४-बिट आणि वरची सगळी बायनरी ३२-बिट अशी मांडणी अनेक एआरएम बोर्डांवर असते आणि तिथे ‘यूनेम’ दिशाभूल करते. प्रत्यक्ष बायनरीवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवून पाहावी. बायनरी ६४-बिट निघाली, तर तिच्यात टाइम_टी (सेकंदांत वेळ ठेवणारा सी भाषेतला प्रकार) आधीपासूनच आठ बाइटांचा आहे आणि सॉकेट ऑप्शनचे जुनेच क्रमांक तिच्यासाठी बरोबर आहेत. तिच्यापुरते या लेखातले बहुतेक काम लागू नाही.

दुसरे, सी लायब्ररी कोणती आणि कितवी? जीलिबसीमध्ये ६४-बिट वेळ निवडण्याची सोय २.३४ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे, आणि ती मागून घ्यावी लागते. मसलमध्ये १.२.० पासून, म्हणजे २०२० पासून, ३२-बिट यंत्रांवरही टाइम_टी ६४-बिटच आहे; तिथे निवड नाही. त्यामुळे मसलवर ‘आम्ही काही बदललेच नाही, तरी मोडले’ अशी तक्रार येते, आणि ती खरी असते: बदल लायब्ररीच्या आवृत्तीबरोबर आपोआप आलेला असतो.

तिसरे, प्रोग्राम कोणकोणत्या कर्नलांवर चालणार आहे? बांधणी कुठे होते हा प्रश्न इथे नाही. सॉकेटचे नवे ऑप्शन आणि ६४-बिट वेळेचे नवे सिस्टिम कॉल कर्नल ५.१ मध्ये आले. त्याआधीच्या कर्नलवर सी लायब्ररी जुन्या ऑप्शनकडे वळून रूपांतर करते, पण त्या रूपांतराच्या काही अटी आहेत, आणि त्याच अटी पुढे त्रास देतात.

चौथे, हा प्रोग्राम कोणत्या सामायिक लायब्ररींशी बोलतो आणि त्यांच्या हेडरमध्ये टाइमव्हॅल (सेकंद व मायक्रोसेकंदांची रचना), टाइमस्पेक (सेकंद व नॅनोसेकंदांची रचना) किंवा टाइम_टी दिसतात का? ही यादी आत्ताच करावी. टप्पा २ पूर्ण तिच्यावर अवलंबून आहे.

## टप्पा १: कोडमधल्या जागा शोधणे

शोध फक्त टाइम_टी या शब्दाचा घेतल्यास निम्म्या जागा सुटतात. पुढील गोष्टी एकेक करून शोधाव्यात.

1. टाइमआउटचे दोन ऑप्शन, एसओ_आरसीव्हीटाइमओ (पावती, म्हणजे डेटा येण्याची किती वाट पाहायची) आणि एसओ_एसएनडीटाइमओ (पाठवणी). ते सेटसॉकऑप्ट या फंक्शनने ठेवले जातात. हे कुठे ठेवले जातात एवढेच पाहून थांबू नये. गेटसॉकऑप्टने कुठे वाचले जातात तेही पाहावे.
2. टाइमस्टॅम्पचे तीन ऑप्शन, एसओ_टाइमस्टॅम्प, एसओ_टाइमस्टॅम्पएनएस आणि एसओ_टाइमस्टॅम्पिंग, तसेच त्यांच्या जोडीची एससीएम_ ने सुरू होणारी नावे.
3. रेकव्हएमएसजी आणि रेकव्हएमएमएसजी या पाकिटे घेणाऱ्या फंक्शनांचा प्रत्येक वापर, आणि त्यांना दिलेल्या कंट्रोल बफरची घोषणा.
4. सॉकेटवरचा एसआयओसीजीस्टॅम्प हा आयऑक्टल. जुन्या कोडमध्ये तो अजून सापडतो, आणि त्याचेही जुने व नवे असे दोन क्रमांक झाले आहेत.
5. ‘सिसकॉल’ फंक्शनने थेट कर्नलला मारलेल्या हाका, आणि ऑप्शनचा क्रमांक आकड्यात लिहिलेल्या जागा.

शेवटचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण सर्वांत जास्त वेळ तोच खातो. एआरएम आणि इंटेलवर पावती-टाइमआउटचा जुना क्रमांक २० आणि पाठवणी-टाइमआउटचा २१ आहे. नवे क्रमांक अनुक्रमे ६६ आणि ६७ आहेत. एसओ_टाइमस्टॅम्पचा जुना क्रमांक २९, नवा ६३. एनएसचा ३५ आणि ६४. टाइमस्टॅम्पिंगचा ३७ आणि ६५. पॉवरपीसी, मिप्स आणि स्पार्क यांच्यावर काही आकडे वेगळे आहेत. हे आकडे कोडमध्ये लिहिण्यासाठी दिलेले नाहीत; ‘स्ट्रेस’च्या (प्रोग्रामने कर्नलला मारलेल्या हाका दाखवणाऱ्या साधनाच्या) नोंदीत ओळखता यावेत म्हणून दिले आहेत.

> इशारा: ३२-बिट हेडरमध्ये यांतली बरीच नावे आता साधे आकडे राहिलेली नाहीत. कर्नलच्या हेडरमध्ये एसओ_टाइमस्टॅम्प म्हणजे टाइम_टीचा आकार तपासून जुना किंवा नवा क्रमांक निवडणारी साइझऑफची अभिव्यक्ती असते. त्यामुळे ‘हे नाव व्याख्यित आहे का’ अशी प्रीप्रोसेसरची तपासणी चालते, पण ‘हे नाव अमुक आकड्याइतके आहे का’ अशी चालत नाही, कारण प्रीप्रोसेसरला साइझऑफ कळत नाही. अशी तुलना कोडमध्ये असेल तर ती साध्या ‘इफ’मध्ये किंवा ‘स्विच’मध्ये आणावी.

## टप्पा २: लायब्ररींच्या सीमा ठरवणे

एका सामायिक लायब्ररीच्या हेडरमध्ये टाइमव्हॅल घेणारे फंक्शन आहे, लायब्ररी ३२-बिट वेळेने बांधलेली आहे आणि आपला प्रोग्राम ६४-बिट वेळेने बांधला जाणार आहे, अशी स्थिती असल्यास लिंकर आडकाठी करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने फंक्शनचे नाव तेच आहे. प्रोग्राम सोळा बाइटांची रचना देईल, लायब्ररी आठ वाचेल. उलट बाजूने लायब्ररीने रचना भरून द्यायची असेल, तर निम्मी रचना कोरी राहील. आणि नवी लायब्ररी व जुना प्रोग्राम असा उलटा जोड असल्यास शेजारची मेमरी लिहिली जाईल.

म्हणून आधी लायब्ररी, मग प्रोग्राम, आणि दोन्ही एकाच वितरणात, हा क्रम पाळावा. डेबियन या लिनक्स वितरणाने हा बदल २०२४ मध्ये करताना अनेक लायब्ररी पॅकेजांच्या नावांना शेवटी ‘टी६४’ असा प्रत्यय लावला, तो जुने आणि नवे चुकून एकत्र बसू नयेत म्हणूनच. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट एआरएम ६४-बिट वेळेवर आहे, मात्र ३२-बिट इंटेल मुद्दाम जुन्याच वेळेवर ठेवलेले आहे. एकाच वितरणाच्या दोन यंत्रप्रकारांसाठीच्या आवृत्त्यांमध्ये फरक असू शकतो हे त्यावरून ध्यानात यावे.

> तपासणी: प्रत्येक सामायिक लायब्ररीवर ‘एनएम’ ही बायनरीतली नावे दाखवणारी आज्ञा गतिक (डायनॅमिक) चिन्हांच्या पर्यायासह चालवावी. जीलिबसीवर ६४-बिट वेळेने बांधलेल्या आणि सॉकेट वापरणाऱ्या बायनरीत सेटसॉकऑप्ट, गेटसॉकऑप्ट आणि रेकव्हएमएसजी ही नावे शेवटी ६४ लावलेली, सुरुवातीला दोन अधोरेखा असलेली दिसतात. तिथे साधी नावे दिसली, तर ती लायब्ररी अजून जुन्या वेळेवर आहे. मसलवर ही खूण चालत नाही, कारण तिथे सेटसॉकऑप्ट आणि रेकव्हएमएसजी यांची नावे बदललेली नाहीत. तिथे क्लॉक_गेटटाइमसारख्या फंक्शनांच्या नावाच्या शेवटी ६४ लागलेले आहे का हे पाहावे.

## टप्पा ३: बिल्डमधल्या व्याख्या

जीलिबसीवर _टाइम_बिट्सची किंमत ६४ आणि त्याबरोबर _फाइल_ऑफसेट_बिट्सचीही ६४ द्यावी लागते. दुसरी दिली नाही तर हेडरच चूक दाखवून बांधणी थांबवते, त्यामुळे ही विसरण्याची भीती नाही. खरी चूक वेगळीच होते: या व्याख्या एखाद्या सी फाइलीच्या वरच्या भागात लिहिल्या जातात, त्यांच्याआधी एखादे हेडर येऊन गेलेले असते, आणि मग त्या फाइलीपुरती वेळ जुनीच राहते किंवा प्रकल्पातल्या दोन ऑब्जेक्ट फाइलींत टाइमव्हॅलचे आकार वेगळे होतात. व्याख्या कायम कंपायलरच्या आज्ञेतच, संपूर्ण प्रकल्पासाठी एकाच ठिकाणी द्याव्यात. ऑटोकॉन्फ हे बिल्डची तयारी करणारे साधन वापरणाऱ्यांसाठी त्याच्या २.७२ या आवृत्तीपासून २०३८ च्या नावाचा तयार मॅक्रो आहे. तो असताना हाताने व्याख्या लिहू नयेत.

> तपासणी: प्रकल्पाच्या सामायिक हेडरमध्ये कंपाइलच्या वेळीच तपासणारी दोन विधाने घालावीत: टाइम_टी आठ बाइटांचा आहे आणि टाइमव्हॅल सोळा बाइटांचा आहे. काम संपल्यावरही ही विधाने काढू नयेत.

## टप्पा ४: टाइमआउट

बरेच जण इथे म्हणतात की टाइमआउट हा कालावधी आहे, तारीख नाही, त्यामुळे त्याचा २०३८ शी संबंध नाही. पहिले अर्धे बरोबर आहे. पण टाइमआउट टाइमव्हॅलमध्ये भरून दिला जातो आणि त्या रचनेचा आकार बदलतो, म्हणून तारखांच्या आधी टाइमआउटच मोडतात, आणि ते २०३८ ची वाट पाहत नाहीत, त्याच दिवशी मोडतात.

एक उदाहरण जवळून पाहू. एका उपकरणाच्या प्रोग्राममध्ये पावती-टाइमआउट अर्धा सेकंद होता, म्हणजे सेकंद ० आणि मायक्रोसेकंद ५,००,०००. कोणीतरी पूर्वी ऑप्शनचे नाव न लिहिता २० हा आकडा लिहिला होता. बिल्ड ६४-बिट वेळेवर गेला, टाइमव्हॅल सोळा बाइटांचा झाला आणि त्याचा आकारही बरोबर दिला गेला. कर्नलने क्रमांक २० पाहिला, म्हणजे जुना ऑप्शन, आणि जुन्या ऑप्शनसाठी लागणारे पहिले आठ बाइट उचलले. जास्तीच्या बाइटांबद्दल तो तक्रार करत नाही. त्या आठ बाइटांत सेकंदांचाच ६४-बिट आकडा होता. लिटल-एंडियन (आकड्याचे खालचे बाइट आधी ठेवणाऱ्या) यंत्रावर त्याचा खालचा अर्धा सेकंद म्हणून आणि वरचा अर्धा मायक्रोसेकंद म्हणून वाचला गेला. दोन्ही शून्य. आणि या ऑप्शनमध्ये शून्य-शून्य याचा अर्थ ‘टाइमआउट नाही, कितीही वेळ थांबा’ असा आहे. सेटसॉकऑप्टने यश कळवले आणि समोरचे यंत्र बंद असताना प्रोग्राम पावतीच्या हाकेत कायमचा अडकून बसला. त्याच कोडमध्ये पाच सेकंदांचा दुसरा टाइमआउट होता, तो मात्र बिनचूक चालत होता, त्यामुळे दोन दिवस सगळ्यांचा संशय केबलवर होता. (बिग-एंडियन यंत्रावर हेच पाच सेकंद पाच मायक्रोसेकंद झाले असते, निदान चूक लगेच तरी दिसली असती.)

त्यामुळे टाइमआउट पुढील क्रमाने दुरुस्त करावेत.

1. ऑप्शन नेहमी नावाने लिहावा.
2. रचना टाइमव्हॅल याच प्रकाराची घ्यावी. दोन पूर्णांकांचा ॲरे किंवा स्वतः केलेली ‘तशीच’ रचना चालणार नाही.
3. लांबी त्या चलाच्या साइझऑफने द्यावी. ८ असा आकडा देऊ नये. नव्या ऑप्शनला आठच बाइट दिले तर ईइनव्हॅल (चुकीचे मूल्य दिल्याची त्रुटी) मिळते, हे त्यातल्या त्यात बरे.
4. मायक्रोसेकंदांचा भाग दहा लाखांच्या आत ठेवावा. मिलिसेकंदांवरून हिशेब करताना सगळेच मायक्रोसेकंदांत कोंबले तर कर्नल ईडॉम ही त्रुटी देतो.
5. परतीची किंमत तपासावी. जुन्या कर्नलवर लायब्ररी आधी नवा ऑप्शन वापरून पाहते, ईनोप्रोटोऑप्ट (‘असा ऑप्शन नाही’) आल्यास जुन्याकडे वळते, आणि सेकंदांचा आकडा ३२ बिटांत मावत नसेल तर ईओव्हरफ्लो देते. ‘जवळजवळ कायमचा’ टाइमआउट म्हणून प्रचंड मोठा आकडा भरण्याची सवय असणाऱ्यांना ही त्रुटी भेटते. त्यांनी शून्य-शून्य वापरावे, ते त्याचसाठी आहे.

> इशारा: गेटसॉकऑप्टची बाजू अधिक फसवी आहे. नव्या कर्नलवर आठ बाइटांचा बफर दिल्यास तो त्रुटी देत नाही. मावेल तेवढेच देतो, म्हणजे फक्त सेकंद. तोच कोड जुन्या कर्नलवर, लायब्ररीच्या रूपांतरातून जाताना, ईइनव्हॅल देऊ शकतो. एकाच कोडची दोन कर्नलांवर दोन वर्तने दिसली, तर पहिला संशय बफरच्या लांबीवर घ्यावा.

> तपासणी: अर्ध्या सेकंदाचा टाइमआउट ठेवून तो लगेच वाचून पाहावा. सेकंद ० आणि मायक्रोसेकंद ५,००,००० किंवा किंचित वर यावेत. कर्नल आपल्या टिकटिकीच्या पटीत वर सरकवतो, तेवढा फरक चालतो. चाचणीसाठी नेहमी एका सेकंदाखालचाच आकडा घ्यावा, पूर्ण सेकंदांत वरची चूक लपते.

## टप्पा ५: येणाऱ्या पाकिटांचे टाइमस्टॅम्प

एसओ_टाइमस्टॅम्प चालू करताना वेळेची रचना लागत नाही, एक साधा पूर्णांक लागतो. त्यामुळे चालू करण्याची पायरी बहुधा बरोबरच असते. खरे काम रेकव्हएमएसजीने परत आणलेला कंट्रोल बफर वाचण्यात आहे.

जागेचा हिशेब. ३२-बिट यंत्रावर कंट्रोल संदेशाचे शीर्षक १२ बाइटांचे असते. जुना टाइमव्हॅल ८ बाइट, म्हणून त्याला २० बाइट जागा. नवा १६, म्हणून २८. सीएमएसजी_स्पेस हा संदेशाला लागणारी जागा मोजणारा मॅक्रो टाइमव्हॅलच्या साइझऑफसह वापरला तर २८ आपोआप येतात आणि नव्या कर्नलवर ते पुरतात. जुन्या कर्नलवर पुरत नाहीत, आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे. तिथे कर्नल २० बाइटांचा जुना संदेश बफरमध्ये ठेवतो. लायब्ररी तो पाहते आणि त्याचे ६४-बिट रूप २८ बाइटांच्या स्वतंत्र संदेशात शेवटी जोडते. जुना संदेश ती काढून टाकत नाही. म्हणजे एकूण ४८ बाइट लागतात. तेवढी जागा नसेल तर नवा संदेश जोडला जात नाही आणि उत्तराच्या फ्लॅग्समध्ये एमएसजी_सीट्रंक (कंट्रोल माहिती छाटली गेल्याची खूण) उभा राहतो. प्रोग्राम तो फ्लॅग तपासत नसेल, तर त्याला ‘टाइमस्टॅम्प आलाच नाही’ एवढेच दिसते.

म्हणून बफर ठरवताना अपेक्षित प्रत्येक संदेशाची जागा, अधिक जुन्या टाइमस्टॅम्पसाठी आठ बाइटांच्या मजकुराची जागा, असा हिशेब करावा. पाकिटाचा इंटरफेस सांगणारा पीकेटीइन्फो संदेशही घेत असल्यास तोही मोजावा. बफर सरळ २५६ बाइटांचा घेणे हा आळशी पण उत्तम उपाय आहे आणि मी तोच करतो.

वाचण्याचा क्रम.

1. प्रत्येक रेकव्हएमएसजीआधी कंट्रोल बफरची लांबी पुन्हा पूर्ण भरावी. हाक परतताना तिथे प्रत्यक्ष वापरलेली लांबी लिहिली जाते. लूपच्या बाहेर एकदाच भरली, तर पहिल्या पाकिटानंतर उपलब्ध जागा घटत जाते. ही चूक वेळेच्या आकाराशी संबंधित नाही, पण आतापर्यंत निभावून गेलेली असते आणि संदेश मोठे झाल्यावर उघडी पडते.
2. हाक परतल्यावर आधी एमएसजी_सीट्रंक तपासावा, मग संदेश.
3. संदेशांच्या साखळीत शेवटपर्यंत जावे. सॉकेट पातळीचा पहिला संदेश म्हणजेच टाइमस्टॅम्प असे धरून थांबू नये; जुन्या कर्नलवर तो पहिला संदेश नेमका जुन्या आकाराचा असतो.
4. पातळी आणि प्रकार दोन्ही नावाने जुळवावेत. ६४-बिट वेळेच्या बांधणीत एससीएम_टाइमस्टॅम्प हे नाव नव्या प्रकाराशीच जुळते, त्यामुळे जुना संदेश आपोआप बाजूला पडतो.
5. संदेशाची लांबी टाइमव्हॅलच्या सीएमएसजी_लेनइतकी आहे ना, हे पाहावे. ३२-बिटवर ती २८ यायला हवी.
6. मजकूर मेमकॉपीने आपल्या टाइमव्हॅलमध्ये उतरवावा.

सहाव्या पायरीवर पॉइंटरचा प्रकार बदलून सरळ वाचणारे पुष्कळ आहेत. शीर्षक १२ बाइटांचे असल्यामुळे मजकूर आठच्या पटीतल्या पत्त्यावर असेलच याची हमी नाही, आणि आतले आकडे आता ६४-बिट आहेत. ३२-बिट इंटेलवर काही बिघडत नाही. संरेखनाबाबत कडक असलेल्या यंत्रांवर बिघडते. मेमकॉपीला काही खर्च पडत नाही.

> इशारा: जीलिबसी २.३४ मधल्या या रूपांतरात दोष होते. बफरमध्ये वेगवेगळ्या पातळ्यांचे संदेश असल्यास जोडलेला टाइमस्टॅम्प एखाद्या चांगल्या संदेशावर लिहिला जाऊ शकत होता. ते २.३५ मध्ये दुरुस्त झाले. ५.१ पूर्वीचा कर्नल, जीलिबसी २.३४ आणि टाइमस्टॅम्पबरोबर पीकेटीइन्फो असा तिहेरी योग तुमच्या उपकरणावर असेल, तर आपल्या वितरणाने ती दुरुस्ती २.३४ मध्ये आणली आहे का हे आधी पाहावे आणि तोवर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

## टप्पा ६: एसओ_टाइमस्टॅम्पिंग वापरत असाल तर

हार्डवेअर टाइमस्टॅम्प घेणाऱ्या, विशेषतः पीटीपीसारख्या वेळ-जुळणीच्या प्रोग्रामांनाच हा टप्पा लागतो. यात एका संदेशात तीन टाइमस्पेक येतात: पहिल्यात सॉफ्टवेअरची वेळ, दुसरे आता वापरात नाही, तिसऱ्यात हार्डवेअरची कच्ची वेळ. जुना मजकूर २४ बाइट, नवा ४८. शीर्षकासह ३२-बिटवर जागा ६० बाइट. पाठवलेल्या पाकिटांचे टाइमस्टॅम्प त्रुटी-रांगेतून येतात आणि तिथे त्यांच्यासोबत विस्तारित त्रुटीचा आणखी एक संदेश असतो, तोही हिशेबात धरावा.

लायब्ररीच्या रूपांतरावर इथे भरवसा ठेवू नये. या ऑप्शनसाठी कर्नल ५.१ किंवा पुढचा ही सरळ अट घालावी आणि ती पूर्ण नसल्यास प्रोग्रामने सुरुवातीलाच स्पष्ट संदेश देऊन थांबावे. जुन्या कर्नलला सांभाळून घेणारा स्वतःचा कोड लिहिण्यात घालवलेला वेळ परत मिळत नाही.

## टप्पा ७: मिळालेली वेळ पुढे कुठे जाते

टाइमस्टॅम्प बरोबर आला आणि पुढच्याच ओळीत तो ‘इंट’मध्ये साठवला, तर आधीचे सगळे वाया. प्रत्येक टाइमस्टॅम्पचा माग फाइलीपर्यंत, डेटाबेसच्या स्तंभापर्यंत किंवा नेटवर्कवरच्या पाकिटापर्यंत काढावा. फाइलीत रचना जशीच्या तशी लिहिली जात असेल, तर जुन्या फाइली वाचण्यासाठी आवृत्तीचा एक बाइट लागेल.

छपाईच्या फंक्शनांकडे वेगळे पाहावे. ६४-बिट वेळेच्या टाइमव्हॅलमध्ये सेकंदांप्रमाणे मायक्रोसेकंदही ६४-बिट होतात, पण टाइमस्पेकमधले नॅनोसेकंद ३२-बिटवर ‘लाँग’च राहतात. ‘लाँग’च्या खुणेने टाइमव्हॅल छापला तर त्यापुढचे सगळे आकडे सरकतात, आणि लॉगमध्ये सेकंद बरोबर पण मायक्रोसेकंद कायम शून्य असे काहीतरी दिसत राहते. दोन्ही घटक ‘लाँग लाँग’मध्ये बदलून त्याच खुणेने छापावेत आणि छपाईच्या खुणा तपासणारा कंपायलरचा इशारा चालू ठेवावा. या संपूर्ण कामात कंपायलर जिथे खरोखर मदत करतो अशी ही एकमेव जागा आहे. ती बंद ठेवू नये.

## टप्पा ८: चाचणी

क. स्ट्रेसखाली चालवणे. नव्या कर्नलवर टाइमआउटच्या ऑप्शनपुढे ‘न्यू’ प्रत्यय किंवा ६६, ६७ हे क्रमांक आणि लांबी १६ दिसावी. जुन्या कर्नलवर एकाच जागी दोन हाका दिसतील: पहिली ईनोप्रोटोऑप्ट देऊन पडलेली, दुसरी जुन्या क्रमांकाने यशस्वी झालेली. हा दोष नाही, लायब्ररीचे रूपांतर आहे. पण नव्या कर्नलवरही जुना क्रमांक पहिल्याच हाकेत दिसला, तर कुठेतरी आकडा हाताने लिहिलेला आहे किंवा एखादी लायब्ररी जुन्या वेळेवर आहे. टप्पा १ किंवा २ कडे परत जावे.

ख. दोन्ही कर्नलांवर चालवणे. ५.१ च्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक. केवळ नव्यावर चाचणी केल्यास बफरच्या जागेची चूक कधीच सापडत नाही.

ग. तारीख पुढे नेणे. ३२-बिट वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसी ०३:१४:०७ ला संपते. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ०८:४४:०७ झालेले असतील. टाकाऊ व्हर्च्युअल यंत्राचे घड्याळ त्याआधी पाच मिनिटांवर लावावे, वेळ-जुळणीची सेवा बंद करावी, लूपबॅकवर दर सेकंदाला एक यूडीपी पाकीट पाठवत राहावे आणि सीमा ओलांडताना टाइमस्टॅम्प पाहावेत. कुठेही १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दिसली, तर तिथे ३२-बिट चिन्हांकित आकडा शिल्लक आहे.

> इशारा: प्रोग्रामला खोटी वेळ दाखवणारी फेकटाइमसारखी साधने इथे उपयोगाची नाहीत. ती प्रोग्रामच्या स्वतःच्या वेळ विचारणाऱ्या हाका अडवतात; पाकिटावरचा टाइमस्टॅम्प कर्नल लावतो, त्याला त्या साधनाचा पत्ताही नसतो. तसेच ही चाचणी रोजच्या कामाच्या यंत्रावर करू नये: प्रमाणपत्रे मुदतबाह्य ठरतात, ठरावीक वेळेची कामे एकदम सुटतात आणि घड्याळ मागे आणल्यावर फाइलींच्या तारखा भविष्यात राहून पुढचा बिल्ड गोंधळतो.

घ. कंटेनरमध्ये चालवणे. कर्नल नवा, लायब्ररी नवी, आणि तरी रेकव्हएमएमएसजी किंवा पीपोल परवानगीची त्रुटी देऊन पडत असेल, तर कंटेनरची सेककॉम्प यादी (कोणते सिस्टिम कॉल चालू द्यायचे हे ठरवणारी) जुनी आहे का पाहावे. ६४-बिट वेळेचे सिस्टिम कॉल तिला माहीत नसल्यास ती ‘असा कॉलच नाही’ असे न सांगता ‘परवानगी नाही’ असे सांगते, आणि मग लायब्ररी जुन्या कॉलकडे वळत नाही. अल्पाइन ३.१३ मसल १.२ वर आले तेव्हा ३२-बिट रास्पबेरी पाय वापरणाऱ्या अनेकांना नेमके हेच भोवले होते. उपाय यजमान यंत्रावर आहे: लिबसेककॉम्प २.४.२ किंवा पुढचे आणि डॉकर १९.०३.९ किंवा पुढचे बसवावे. आपल्या कोडमध्ये त्यासाठी काहीही बदलू नये.

चारही चाचण्या झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या टाइमआउटची आणि ४८ बाइटांच्या कंट्रोल बफरची तपासणी प्रकल्पाच्या स्वयंचलित चाचण्यांत घालावी आणि ती ३२-बिट बांधणीवर प्रत्यक्ष चालते ना, हे एकदा डोळ्यांनी पाहावे. बऱ्याच ठिकाणी स्वयंचलित चाचण्या फक्त ६४-बिट सर्व्हरवर चालतात, आणि तिथे यांतले काहीच मोडलेले दिसणार नाही.